जपानला निघालेली जाई

जपानला निघालेली मुलगी मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, आमच्या घरी येऊन पोहोचली, यात विमान कंपनीचा काहीही दोष नव्हता. घोटाळा झाला होता तो दोन कॉलेजांच्या करारात. अमरावतीच्या जाईला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षासाठी जपानच्या एका विद्यापीठात जागा मिळाली होती. या एका जागेसाठी पोरगी अकरावीपासून जपानी शिकत होती. आणि बॅग भरायच्या वेळी तो करारच रद्द झाला. त्याऐवजी मिशिगनला जाता का, असं कॉलेजनं विचारलं. दुसरी कुणी असती तर तिनं गल्लीत पेढे वाटले असते. जाईनं जेवण सोडलं.

हे सगळं तिच्या वडिलांनी मिलिंदला फोनवर सांगितलं. मिलिंद म्हणजे माझा नवरा, आणि जाईचे वडील त्याचे हॉस्टेलमधले रूममेट. त्यामुळे फोन संपायच्या आत आमच्या बेसमेंटमधली खोली बुक झाली आणि जाईनं जेवायला सुरुवात केली.

मी आमच्या मराठी मंडळात गेली कित्येक वर्षं नाटकं बसवते. त्यामुळे पाहुण्यांचं स्वागत हा माझ्या दृष्टीनं पहिला प्रवेश असतो. डेट्रॉइटच्या विमानतळावर मी हातात गजरा आणि नावाचा बोर्ड घेऊन उभी राहिले. नाव जाई, म्हणून मी आपली एखादी नाजूक वेल शोधत होते. दारातून आला तो ताड. मिलिंद चांगला उंच आहे, तोसुद्धा एक पाऊल मागे सरकला. ताडानं माझ्यासमोर येऊन बॅगा खाली ठेवल्या, हात मांडीवर टेकवले आणि कंबरेतून काटकोनात वाकून जपानी नमस्कार केला. पाठीवरची सॅक डोक्यावरून पुढे आली आणि थेट माझ्या कपाळावर बसली.

"सॉरी काकू," ती वाकलेलीच राहून म्हणाली. "सराव करून राहिले."

गाडीत बसल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला. "काका, इथं जपानी लोकं राहतात का?"

"इथे मोटारी बनतात," मिलिंद म्हणाला. "मोटारी बनतात तिथे जपानी असणारच. नोव्हायला तर अख्खी वस्ती आहे त्यांची. दुकानं, बेकरी, सगळं."

"किती लांब?"

"ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास."

"म्हणजे जपान पाऊण तासावर आहे," ती म्हणाली. "मग झालं तर." आणि गुडघे डॅशबोर्डला टेकवून झोपून गेली.

ती घरात राहायला आली आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर काय आहे हे मला प्रथमच कळलं. हरवला म्हणून मी ज्याच्यावरून शेजारणीवर संशय घेतला होता तो चकलीचा सोऱ्या तिथे सापडला. उसळीतली मोडाची मटकी ती चॉपस्टिक्सनं एकेक उचलून खायची. मिलिंद तिच्यासमोर बसून आपलं ताट संपवायचा, हात धुऊन यायचा आणि परत बसून बघायचा. "अगं, यानं वजन कमी होईल," तो म्हणायचा. "सांडत नाही ना काका?" एवढंच तिचं उत्तर.

आणि दिवसभर तिच्या तोंडी एकच शब्दजोडी. "काहून नाही?" काहून म्हणजे का, हे मला, मूळच्या सातारकरणीला, तिनंच शिकवलं. बर्फात चालत लायब्ररीत जाशील? काहून नाही? एवढ्या थंडीत दार उघडं ठेवून झाडलोट? काहून नाही? सुरुवातीला मला तो प्रश्न वाटायचा. मी उत्तर द्यायला तोंड उघडायचे तोवर ती ते काम करून परत आलेली असायची.

नोव्हायच्या जपानी बेकरीत एक चिठ्ठी लावलेली होती. किमोनो नेसायला शिकवतो. खाली फोन नंबर. जाईनं तो नंबर बेकरीतूनच लावला.

अशा आमच्या आयुष्यात मोरिताबाई आल्या. त्यांचे यजमान मोटारींच्या कंपनीतून रिटायर झालेले, त्या स्वतः सत्तरीच्या, उंचीला जाईच्या कोपरापर्यंत. घराच्या तळमजल्यावर त्यांनी चटया अंथरून वर्ग केला होता. जाईला गाडी येत नव्हती म्हणून दर शनिवारी मी ड्रायव्हर. मला खिडकीजवळ एक खुर्ची मिळाली, आणि पहिल्याच दिवशी मी हसल्यावर बाईंनी तळहात खाली दाबून दाखवला. आवाज कमी. तीस वर्षांच्या नाटकांत मला हे सांगायची कुणी हिंमत केली नव्हती.

त्यांचं इंग्रजी मोजकं, पण एकही शब्द फुकट जात नसे. जाईशी त्या जपानीत बोलत आणि मला कळावं म्हणून जाई मागाहून मराठीत सांगे. पहिल्या दिवशी त्यांनी नियम सांगितला तो मात्र इंग्रजीतच, आम्हा दोघींकडे बघून.

"मी कुणालाही नेसवत नाही. नेसायला शिकवते."

दर वर्षी जूनमध्ये लायब्ररीच्या बागेत त्या चहाचा समारंभ करत. त्यांच्या ज्या विद्यार्थिनीला स्वतःच्या हातानं किमोनो नेसता येईल, तिनं त्यांच्याबरोबर चटईवर बसून पाहुण्यांना चहा द्यायचा. जिला येणार नाही तिनं खुर्चीवर बसून बघायचं. जाईचं वर्ष जूनमध्येच संपत होतं. परत जाताना तिनं गाडीत मला सांगून टाकलं.

"काकू, मी चटईवर बसणार."

"अगं, आलीस आजच. मजा म्हणून शीक. एवढं काय मनावर घ्यायचं?"

"जपानची जागा गेली तेव्हा सगळे मला म्हणाले, अमेरिका मिळाली नं, मग काहून रडून राहिली? मी काही मिळालं नाही म्हणून नव्हते रडत काकू. ठरवलं होतं ते झालं नाही म्हणून रडत होते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे मी ठरवलं आहे."

बाईंची परीक्षा घ्यायची पद्धत फार साधी होती. विद्यार्थिनी नेसून उभी राहिली की त्या हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती एक चक्कर मारायच्या. मग म्हणायच्या, चाला. बसा. वाका. उठा. मग कुठलं तरी एक टोक दोन बोटांत धरून हलकेच ओढायच्या आणि सगळा डोलारा जमिनीवर. "पुन्हा," असं म्हणून त्या पुढच्या मुलीकडे वळायच्या. तिथे शिकायला येणाऱ्या बाकीच्या मुली जपानी घरांतल्या, अमेरिकेत वाढलेल्या. त्यांचेही डोलारे पडत. त्या "ओ माय गॉड" म्हणून फोन बघत बसत. जाई गोळा करून पुन्हा उभी राही.

किमोनोला ना बटण, ना हूक, ना चुणी खोचायची सोय. सगळं बंदांवर आणि कंबरेच्या रुंद पट्ट्यावर. आता आपल्याकडची बाई असं कापड बघते तेव्हा तिचा हात आपोआप कुठे जातो? मंगळसूत्राकडे. माझ्या मंगळसूत्रात कायम दोन-चार सेफ्टीपिना अडकवलेल्या असतात. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी जाईची छातीवरची पट्टी सारखी सुटत होती. बाई दुसरीकडे बघत होत्या. मी खुर्चीवरून एक पिन पुढे केली. जाईनंही ती अगदी सवयीनं, न बघता घेतली आणि आत टोचली. दोघींचे हात असे काही चालले की जणू आम्ही पिढ्यान्पिढ्या हेच करत आलो आहोत. आलोच आहोत म्हणा.

बाई आल्या. चक्कर मारली. पट्टी जागच्या जागी. भुवया वर गेल्या.

"चाला." चालली. "बसा." बसली. "वाका."

जाई वाकली आणि "ओ माय!" करून अशी उसळली की माझ्या हातातला चहा सांडला. पिन उघडली होती. बाईंनी तिच्या छातीवरच्या घडीत दोन बोटं घालून ती पिन काढली, मिटवली, उजेडात धरून बघितली. एवढ्या मुली तिथे होत्या, पण बाईंना क्षणभरही शंका आली नाही. सरळ माझ्याकडे चालत आल्या आणि पिन माझ्या तळहातावर ठेवली. वर डोकंही लववलं.

त्या दिवशी परत येताना जाई माझ्याशी बोलली नाही. ट्रॉयचा एक्झिट आला तेव्हा म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी मंगळसूत्र घरी ठेवून या."

वर्ग संपला की मोरिताबाई आम्हाला सोडायला बाहेर येत आणि ड्राइव्हवेवर उभं राहून वाकत. आमची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या वाकलेल्याच. थंडीत, वाऱ्यात, एकदा तर चक्क बर्फात. जाई पुढच्या सीटवर उलटी वळून मागच्या काचेतून त्यांना वाकून दाखवायची. "आपण आधी सरळ व्हायचं नसतं," ती मला सांगे. माझा आपला धोशा, सीटबेल्ट, सीटबेल्ट. बाईंची कंबर धरेल या धास्तीनं मी गाडी जोरात हाणायची आणि कोपरा गाठायची.

मग सुरू झाला आमच्या घरातला हिवाळा. एके दिवशी मी ऑफिसातून आले तर हॉलच्या खिडकीला पडदाच नाही. समोरच्या घरातला म्हातारा मला बघून हात हलवतोय.

"जाई, पडदा कुठे गेला?"

"कंबरेला आहे काकू," बेसमेंटमधून आवाज आला.

पडद्याची लांब घडी करून ती पाठीमागे हात नेऊन गाठ बांधायचा सराव करत होती. किमोनोच्या पट्ट्याची गाठ पाठीवर असते आणि ती न बघता बांधायची असते. मिलिंद पायऱ्यांवर बसून तिला सूचना करत होता. "डावीकडे कललंय. अजून. आता उजवीकडे. थांब, फोटो काढून दाखवतो." "काका, दाखवू नका," ती म्हणाली. "हाताला कळलं पाहिजे." पडदा मार्चपर्यंत खिडकीला परत आला नाही. समोरच्या म्हाताऱ्याची आणि आमची चांगली ओळख झाली.

गुडघे मुडपून, पायांवर बसायचाही सराव चालला होता, कारण चहाच्या वेळी तसंच बसावं लागतं. ती शेंगा सोलताना तशी बसे, अभ्यासाला तशी बसे. त्यातच मंडळातल्या एका घरी सत्यनारायण निघाला. गुरुजी एडिसनहून झूमवर, आम्ही पंचवीसेक माणसं टीव्हीसमोर. जाई संकल्पापासून जी पायांवर बसली ती पाचवा अध्याय संपेपर्यंत हलली नाही. यजमानांचे वडील, आप्पा, मागे रिक्लायनरवर बसले होते. त्यांनाच बघवेना.

"अगं पोरी, मांडी घाल. देव काही रागवत नाही."

"देवाचं नाही आप्पा. जूनचं आहे."

"जूनला कुठला सण?"

आरतीला सगळे उठले. जाईही उठली. म्हणजे वरचा भाग उठला. कंबरेखाली सगळं झोपलेलं होतं. ती क्षणभर डोलली आणि मग सावकाश, मागच्या मागे, झाड कोसळावं तशी आप्पांच्या मांडीत जाऊन बसली. रिक्लायनर पूर्ण उघडला. टीव्हीतून गुरुजींनी आरती थांबवून "काय झालं, काय झालं?" विचारलं. आप्पा खालून म्हणाले, "चालू द्या. माझ्याकडे जून आलाय."

असं करता करता एप्रिलमध्ये एका शनिवारी मोरिताबाईंनी जाईभोवती चक्कर मारली, चाला-बसा-वाका-उठा झालं, त्यांनी टोक धरून ओढलं. काही झालं नाही. दुसरं टोक ओढलं. काही नाही. बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नुसतं "हं" म्हटलं. मी आवाज न करता रडून घेतलं.

पण बाई खाली बघत होत्या. जाईनं नेसलेला सरावाचा किमोनो तिच्या पोटऱ्यांवर संपत होता. सुती कपडा, सरावापुरता ठीक. समारंभाला रेशमी हवा. बाईंकडचे, मुलींकडचे, भाड्यानं मिळणारे, असे दिसतील तेवढे किमोनो पुढच्या दोन शनिवारी तिला लावून बघितले. सगळे पोटरीवर. नीट नेसलेल्या किमोनोत कंबरेशी थोडं कापड दुमडून दिसावं लागतं. इथं दुमडायचं म्हटलं तर गुडघे बाहेर.

"फार उंच," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटल्याचं आवाजात जाणवत होतं, पण नियमात फरक नव्हता. "खुर्ची."

आता या प्रसंगी माझ्यासारख्या बाईनं गप्प बसावं का? मंडळाच्या लेझीम पथकाच्या सगळ्या नऊवाऱ्या मी शिवल्या आहेत. पायजम्यासारख्या चढवायच्या, मागे वेल्क्रो लावायचा, निऱ्या आधीच शिवलेल्या, पदर खांद्याला चिकटवलेला. अमेरिकेत कुणाला आहे कासोटा घालायला वेळ? मी फोनवर बाईंना फोटो दाखवला आणि वेल्क्रोचा आवाजसुद्धा तोंडानं काढून दाखवला. फर्र. "आय मेक किमोनो लाइक धिस. वन मिनिट. एनी साइज."

बाईंनी फोटो जवळ घेतला, लांब धरला. "तंबू?" त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

जाईनं माझ्या दंडावर हात ठेवला. "काकू, तुमचा वेल्क्रो छान आहे. पण मग मी इतके महिने शिकले काय?"

त्या दिवशी किमोनोंच्या घड्या घालायचं काम तिच्याकडे होतं. घडी घालताना ती एका जुन्या, निळसर राखाडी किमोनोवर थांबली. बिनअस्तराचा, हलका, उन्हाळी. तिनं कंबरेजवळ आतून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"सेन्सेई," ती म्हणाली. त्यांच्याकडे बाईंना असंच म्हणतात. पुढचं जपानीत. मला मागाहून कळलं ते असं. आपल्याकडे शिंपी ब्लाउजच्या शिवणीत माया सोडतो, तशी किमोनोत कंबरेजवळ आतल्या बाजूनं एक आडवी घडी घालून शिवून टाकतात. कापड कापत नाहीत. पुढेमागे कुणी उंच माणूस निघाला तर उसवून वाढवायचं. हा किमोनो मोरिताबाईंच्या आईनं त्यांच्या लग्नाच्या वेळी हातानं शिवला होता आणि आईनं घडी चांगली रुंद ठेवली होती. ती उसवू का, असं जाई विचारत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. किमोनो तिच्या हातातून घेतला. मग बहुधा त्यांना वाटलं की ही शिकलेली मुलगी आहे, हिला कारण द्यायला हवं. "कापड दुकानातलं आहे. टाके आईचे आहेत."

मी पर्स उचलली. जाई मात्र जिथे बसली होती तिथेच, पायांवर बसलेली.

"जसे आहेत तसे परत घालून दिले तर?"

"तुला शिवता येतं?"

"नाही."

बाई हसल्या नाहीत. जाईही हसली नाही.

"शिकले तर?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. जाईनं ते 'काहून नाही' असं धरलं.

त्यानंतर आमच्या घरात एकही चादर अखंड राहिली नाही. ती चादरीला मधोमध घडी घाले, टाके घाली, उसवे, आणि मग सुईची त्याच भोकांतून पुन्हा ये-जा. तीच भोकं. बाजूला एकही नवं भोक पडता कामा नये. विद्यापीठाच्या परीक्षा चालू होत्या. सकाळी सहाला उठून, खिडकीत बसून, कानात इअरफोन लावून लेक्चर ऐकत पोरगी चादर शिवायची. अमरावतीहून आईचा व्हिडिओ कॉल आला की आई कपाळाला हात लावी. "अहो ताई," त्या मला म्हणायच्या, "हिला इथं पडलेलं बटण लावता येत नव्हतं. तुम्ही तिथं काय करून राहिले माझ्या लेकीचं?" मिलिंद रात्री अंगावर चादर ओढताना मधल्या शिवणीला पाय अडकून ओरडे. "जाई! ही उसवलेली आहे की शिवलेली?"

मेच्या एका शनिवारी जाई त्यातली एक चादर घेऊन नोव्हायला गेली. बाईंनी चष्मा लावला, चादर टेबलावर पसरली, बोटानं शिवण चाचपत गेल्या. मग चिमट्यानं चार टाके उचलून भोकं बघितली. पुन्हा बघितली. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात तो निळसर राखाडी किमोनो होता. टेबलावर ठेवून त्यांनी सुई स्वतः निवडून जाईला दिली.

जाईनं कात्री वापरली नाही. सुईच्या टोकानं एकेक टाका सैल करत धागा ओढून काढत गेली. दुपारचं ऊन टेबलावर होतं. जुना धागा मध्येच तुटे, ती तुकडा बाजूला ठेवी, आणि मोरिताबाई तो तुकडा उचलून आपल्या बोटाला गुंडाळून घेत. शेवटचा टाका निघाला आणि जाईनं घडी उलगडली.

आत निळा रंग होता. बाहेरच्यासारखा राखाडी पडलेला नव्हे. कंबरेभोवतीचा एवढाच पट्टा, गडद, दुकानातून आत्ता आणल्यासारखा. बाईंनी धागा गुंडाळलेलं बोट त्यावर ठेवलं आणि मला, हो, मला उद्देशून म्हणाल्या, "हा रंग होता. मी विसरले होते."

जूनमधला तो रविवार स्वच्छ उजाडला. जाईनं आमच्या बेसमेंटमध्ये दार लावून घेतलं. मी बाहेर पायरीवर बसले. मंगळसूत्र मी खरोखरच वर काढून ठेवलं होतं. ती बाहेर आली तेव्हा मिलिंद फोटो काढायचा विसरला. किमोनो टाचेपर्यंत आला होता, कंबरेशी दुमडायलाही बोटभर उरला होता. गडद निळा पट्टा रुंद पट्ट्याखाली पूर्ण झाकलेला. बाह्या मात्र आखूड, मनगटं चांगली बाहेर.

"मनगटं दिसतात," मी म्हणाले.

"दिसू दे. माझीच आहेत."

लायब्ररीच्या बागेत चटया अंथरल्या होत्या आणि पाहुणे जमले होते. मोरिताबाई मागच्या बाजूला झाडाखाली मुलींना तपासत होत्या. दोघींना खुर्च्या मिळाल्या. मग जाई. बाईंनी हात पाठीमागे बांधले आणि चक्कर सुरू केली. चाला. बसा. वाका. उठा. जाईनं सगळं केलं. बाई मागे उभ्या राहिल्या, त्यांचा हात तिच्या पाठीवरच्या गाठीकडे वर गेला, गाठीच्या अगदी जवळ आला. तिथे थांबला. आणि काही न ओढता परत पाठीमागे गेला.

"चहा गार होईल," बाई म्हणाल्या.

जाई चटईवर बसली. पाहुण्यांना चहा दिला. शेवटी तिच्या उठायच्या वेळी मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते, मनात आप्पांचा रिक्लायनर. ती उठली, सबंध उठली, आणि चालत गेली.

तिचं विमान पुढच्या शनिवारी होतं. लोकांनी तिला शिकागोला चल, नायगाराला चल, शॉपिंग कर म्हणून आग्रह केला. ती आठवडाभर खिडकीत बसून घडी परत घालत होती. निळा रंग तिनं पुन्हा आत घेतला आणि त्याच भोकांतून टाके घातले. विमानतळाच्या वाटेवर, गाडीत, शेवटचे दोन-तीन टाके बाकी होते. "हळू चालवा काकू," ती म्हणाली. एरवी मला हे पोलीस सांगतात. नोव्हायच्या अलीकडे तिनं दातांनी धागा तोडला.

मोरिताबाई बागेत काम करत होत्या. विटकी पँट, मातीचे हातमोजे. त्यांनी हातमोजे काढले, किमोनो घेतला, कंबरेजवळ आतून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग विचारलं, आणि जाईनं तिथल्या तिथे मला सांगितलं, "त्या विचारून राहिल्या, घडी तर परत घातली, पण पुढची मुलगीही उंच निघाली तर?"

"मग तू काय सांगणार?"

जाईनं आधी त्यांना सांगितलं, मग मला. "उंच निघाली तर तिनं उसवावं. मी कुणाला आयतं देत नाही."

मोरिताबाई हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा, आणि चांगल्या मोठ्यानं. मी तळहात खाली दाबून दाखवला. आवाज कमी. त्यावर त्या आणखी हसल्या.

उशीर होत होता. मी गाडी बाहेर काढली. त्या दिवशी कॉटनवूडच्या झाडांचा कापूस सगळीकडे उडत होता, रस्त्यावर, गवतावर, ड्राइव्हवेवर. आरशात बघते तर बाईंनी तो किमोनो उलगडून, मातकट पँटवरूनच अंगात घातला होता आणि त्या वाकल्या होत्या. जाई सीटवर उलटी, पायांवर बसून, डोकं सीटच्या पाठीला टेकेल एवढी वाकलेली.

"जाई, सीटबेल्ट!"

"एक मिनिट काकू. सेन्सेई अजून वाकलेल्या आहेत."

कोपऱ्यावर स्टॉपचा बोर्ड होता. डावीकडे कुणी नव्हतं, उजवीकडेही कुणी नव्हतं. मी तिथे, नियमाला लागतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ, गाडी थांबवून ठेवली.